कानामागची जागा

कारखान्यातल्या माणसांच्या जिभेला हाड नसतं. यंत्राचा हात बसवून आठवडा उलटला नाही तोवर त्यांनी त्याला नाव देऊन टाकलं. मावशी. झालं, मग दिवसभर तेच. "मावशी अजून तापली नाही." "मावशीला तेल पाजा रे कुणीतरी." "मावशी रुसली वाटतं, दाबा ते लाल बटण."

यात वाईट एवढंच, की खरी मावशी त्याच जागी उभी राहून वर्षानुवर्षं काम करून गेलेली होती. सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा. तिला जाऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि तिची मुलगी तिथेच, हाकेच्या अंतरावर, तपासणीच्या टेबलाशी बसलेली असायची.

मुलीलाही नाव होतंच. भिंग. दिव्याखाली कापड पाहून पाहून तिला एक डोळा बारीक करायची सवय लागली होती, ती जेवतानाही सुटायची नाही. डब्यातली भाजीसुद्धा ही नापास करते, असं लोक म्हणायचे. पहिल्यांदा कुणी यंत्राला मावशी म्हणालं तेव्हा तिनं हातातलं भिंग टेबलावर आपटलं. सगळे आपापल्या कामाला वळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आणि थोड्याच दिवसांत अशी वेळ आली की कोट चढवता चढवता भिंग स्वतःशीच म्हणायची, बघू, मावशी लागली का कामाला.

त्याला कारण होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी घरी बाबांनाही नाही.

या कारखान्यात आग विझवणाऱ्या जवानांची हेल्मेटं व्हायची. बाहेरून दिसतं ते कवच राळेचं. पण नुसत्या राळेत काय जीव असतो? वरून काही पडलं की तडकलीच. तिला आतून धरून ठेवतं ते काचेच्या धाग्यांचं कापड. पांढरंशुभ्र, दिसायला रेशमासारखं, आणि दिवसभर हाताळलं की कोपरापर्यंत खाज सुटवणारं. त्याचे तुकडे एकावर एक थर देत डोक्याच्या आकाराच्या साच्यावर बसवायचे. थरांमध्ये एक पूड असते, ती उबेनं विरघळते आणि थर एकमेकांना धरतात. मग ते साच्यावरून अलगद उतरवायचं. जे हातात येतं त्याला तिथे टोपी म्हणत. आम्ही दिवसभर टोप्या घालतो पण इमानदारीत, हा तिथला जुना विनोद होता आणि प्रत्येक नव्या माणसाला तो एकदा ऐकून घ्यावाच लागायचा. टोपी भिंगच्या टेबलावर यायची, तिनं पास केली की पुढच्या खोलीत जायची. तिथे तिच्यात राळ भरून दाबयंत्रात शिजवायचे.

सपाट कापड गोल डोक्यावर बसवणं हा काही पोरखेळ नाही. कुठेतरी चुणी पडतेच. एक चुणी दाबावी तर दुसरीकडे डोकं वर काढते. आई कापड ओढायची नाही. टाळूपासून खाली, कपाळाकडे, कानांकडे, मानेकडे ते तळव्यानं सारत न्यायची. "ओढलेलं कापड डूख धरतं," असं म्हणायची. तिच्या टोप्या तपासताना भिंगला कधी लाल ट्रेकडे हात न्यावा लागला नाही. लाल ट्रे नापास मालाचा.

इंजिनीअर आला तो या हातासाठीच. यंत्राला एकेक आकडा शिकवत बसण्यापेक्षा चांगल्या हाताची चाल जशीच्या तशी उचलावी, हे त्याचंच डोकं. माणूस तरुण, भला, बोलायला मऊ. त्यानं एक हातमोजा आणला. बोटांवर, मनगटावर, कोपरावर, थेट खांद्यापर्यंत तारा. आई तो घालून टोप्या करायची आणि मोजा तिची प्रत्येक हालचाल टिपून ठेवायचा. "असं करा साहेब," ती एकदा म्हणाली, "हात ठेवून घ्या आणि मला घरी सोडा." सगळे पोट धरून हसले होते.

पुढे काही महिन्यांतच ती गेली. दुखणं कळलं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं, असं बाबांनी सांगितलं. भिंगनं ते खरं मानलं, कारण बाबा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

यंत्र पहिल्यांदा चाललं ती सकाळ तिला विसरायची म्हटली तरी विसरता आली नसती. तारेच्या जाळीचा पिंजरा, आत साच्याचं काळं डोकं, शेजारी तो करडा हात, त्याला रबराची पाच बोटं. चिमट्यांनी कापड उचलून डोक्यावर टाकलं. हात उठला आणि मधेच मनगटाला एक हिसका बसला. लोक हसले. "याला कसली खाज सुटली?" कुणीतरी म्हणालं. भिंग जागच्या जागी थिजली. कोटाची बाही खाली घसरली की आई मनगटाला असाच हिसका देऊन ती मागे सारायची. यंत्राला बाही नव्हती.

मग हात टाळूवर आला आणि कापडाच्या केसभर वर थांबला. नुसता थांबून राहिला. आता काहीतरी बिघडलं असं वाटेपर्यंत थांबला, आणि मग अगदी हळू टेकून खाली सरकला, डोक्यावरून हात फिरवतात तसा.

आई अशी थांबायची हे भिंगला आठवत नव्हतं. पण माणूस गेल्यावर आठवणीला कोण हिशेब विचारतं? तिनं मनाशी ठरवून टाकलं की साच्याच्या त्या डोक्यावर हात नेताना आईला आपलं डोकं आठवत असणार. लहानपणीचं, तेल लावलेलं. थांबते ती आपल्यासाठी. एकदा असं ठरवल्यावर पिंजऱ्यात दुसरं कुणी दिसणं शक्यच नव्हतं.

त्या सकाळची पहिली टोपी कोमट असतानाच तिच्या टेबलावर आली. तिनं दिव्याखाली फिरवून पाहिली. टाळू छान. कपाळ छान. डाव्या कानामागे मात्र कापड उभं राहिलं होतं. तिथे हेल्मेटाला दिव्यासाठी खोलगट खाच असते. कापड त्या खाचेत उतरलंच नव्हतं, वरच्या वर तंबूसारखं ताणलेलं होतं. अशा जागेत नुसती राळ साठते, आणि नेमकी तिथेच ती तडकते.

का ते तिला बघताक्षणी कळलं. आईची टोपी झाली की ती मोजा काढायची, आणि मग उघड्या अंगठ्यानं ती जागा दाबायची. मोज्याच्या अंगठ्याला जाड शिवण होती, तिच्यातून तिला कापड लागायचं नाही. मोजा निघाला की इंजिनीअर नोंद बंद करायचा. त्याच्या लेखी टोपी पुरी झालेली असायची. आणि आईच्या लेखी ते दाबणं म्हणजे काम नव्हतंच. भाकरी थापून झाल्यावर हात झटकावेत, तसं ते होतं. ते सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातही आलं नसणार.

टोपी लाल ट्रेमध्ये टाकायची, एवढंच भिंगचं काम. तिनं हात पुढे केलाही. तेवढ्यात मागे इंजिनीअर कुणाला तरी सांगत होता, "वरच्यांना आता धीर नाही. दोष निघाला तर ही चाल पुसायची आणि दुसऱ्या कुणाची तरी घ्यायची, असं ठरलंय."

पुसायची! भिंगनं पिंजऱ्याकडे पाहिलं. हात पुन्हा टाळूवर थांबलेला होता. तिनं टोपी जवळ ओढली, आत डाव्या हाताची मूठ धरली आणि बाहेरून अंगठ्यानं ती जागा खोलवर दाबली. पूड अजून ऊन होती. कापड मुकाट्यानं खाचेत बसलं. तिनं टोपी हिरव्या ट्रेमध्ये ठेवली.

त्या दिवसापासून तेच चालू राहिलं. मावशी टोपी घालायची आणि भिंग कानामागे अंगठा दाबायची. कुणाच्या डोळ्यावर येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं; टोप्या हाताळणं हे तिचं कामच. वर इंजिनीअर सगळ्यांना सांगत सुटला होता की यंत्राची एकही टोपी नापास होत नाही. त्याचं कौतुक व्हायचं आणि तो कौतुक भिंगकडे वळवायचा. "तुमच्या आईची कमाल आहे, भिंगताई." ती मान हलवायची. अंगठ्याला घट्टा पडला होता. तो ती मुठीत लपवून ठेवायची.

ती बदलली हे मात्र लोकांना दिसत होतं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन पिंजऱ्याशी जाऊन बसायची. आधी नुसती बसायची, मग बोलायला लागली. बाबांच्या गुडघ्याचं, वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाचं, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दिलेल्या कुजक्या टोमॅटोंचं. हात ऐकतोय असं तिला वाटायचं. मधेच मनगटाला हिसका बसला की ती म्हणायची, "हो गं, सांगते ना." तिथून जाणारे लोक विनोद करायचे थांबले. मावशी हे नाव आता तेही जरा दबकतच घ्यायला लागले.

आणि एकदा तर तिनं हद्दच केली. नवं कापड आलं की पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून हात गोगलगाईच्या गतीनं चालवून बघत, धागे सरळ पडतात का ते पाहायला. त्या दुपारी साचा धुवायला काढलेला होता आणि इंजिनीअर फोन घ्यायला बाहेर गेला होता. हात तसाच चालू होता, नसलेल्या डोक्यावरून फिरत होता. भिंग आत शिरली. साच्याच्या रिकाम्या खांबाशी गुडघ्यांवर बसली आणि आपलं डोकं त्या जागी धरलं.

आधी मनगटाचा हिसका ऐकू आला. मग टाळूवर ऊब जाणवली. बोटं तापवलेली असतात, पूड विरघळावी म्हणून. हात वर येऊन थांबला. ती डोळे मिटून राहिली. किती वेळ थांबला कुणास ठाऊक, त्या गतीला सगळंच लांबलं होतं. ये ना, ती मनात म्हणाली, ये. आणि तो आला. रबराची कोमट बोटं केसांवरून खाली उतरली, कपाळावर, कानांवर, मानेवर. डाव्या कानामागे येऊन ती निघून गेली. भिंग तशीच बसून राहिली. तिला आपण जिवंत आहोत की मेलो आहोत याचंही भान नव्हतं. बाहेर पावलं वाजली तशी ती उठली, गुडघे झटकले आणि टेबलावर जाऊन बसली. त्या दिवशी तिनं अंगठा नेहमीपेक्षा जोरात दाबला.

असंच चाललं असतं तर कदाचित जन्मभर चाललं असतं. पण इंजिनीअर एका सकाळी हसत हसत आला. "भिंगताई, सुटलात तुम्ही! डोळे फोडून घ्यायचे दिवस संपले." सोमवारपासून तपासणीला कॅमेरा बसणार होता. यंत्राचा हात टोपी कॅमेऱ्याखाली ठेवणार, कॅमेरा बघणार, टोपी सरळ पुढच्या खोलीत. मधे माणसाचा हात लागणारच नाही. भिंगला वरच्या ऑफिसात खुर्ची मिळणार होती.

कॅमेरा जोडून ठेवलेलाच होता. इंजिनीअरची पाठ वळल्यावर भिंगनं न दाबलेली एक टोपी त्याच्याखाली धरली. हिरवा दिवा. तिनं टोपी फिरवली. पुन्हा हिरवा. कॅमेरा वरून बघत होता, आणि कानामागची ती जागा कडेच्या सावलीत जात होती. तिनं अशा तीन-चार टोप्या धरून पाहिल्या. मेल्या कॅमेऱ्याचा सगळ्यांना होकार.

म्हणजे आता मधली वाट काहीच नव्हती. बोलावं, तर आईचा हात पुसला जाणार. न बोलावं, तर सोमवारपासून प्रत्येक हेल्मेट कानामागे पोकळ निघणार, आणि कुणीतरी ते विश्वासानं डोक्यावर घालून जळत्या घरात शिरणार. ती घरी जाऊन जेवली नाही. आपण इतके वाईट आहोत का, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर लगेच येईना याचीच तिला भीती वाटली. परक्या माणसाचं डोकं एका पारड्यात आणि आईचा हात दुसऱ्यात, आणि पारडं खाली जातंय ते हाताचं.

शेवटी तिनं ठरवलं की काहीही करण्याआधी एकदा बाबांना आणून दाखवायचं. त्यांचाही हक्क होता. घरच्यांना आत आणायला शनिवारी परवानगी मिळायची.

बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन. माणूस दारात आला की त्याचा चेहरा बघायच्या आधी ते खांदे बघायचे. ओळखीची माणसंसुद्धा त्यांना खांद्यांवरूनच ओळखू यायची. कारखान्यात ते बायको गेल्यापासून आले नव्हते. भिंगनं त्यांना वाटेत काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "चला तर खरं. तुम्हाला कुणाला तरी भेटवायचंय."

पिंजऱ्यासमोर तिनं त्यांना स्टूल दिलं, पण ते बसले नाहीत. चिमट्यांनी कापड टाकलं. हात उठला. मनगटाचा हिसका बसला. बाबांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, हसू म्हणावं असा. भिंगचे डोळे भरून आले. ओळखलं त्यांनी, तिला वाटलं, ओळखलं.

मग हात टाळूकडे गेला आणि थांबला. बाबांनी जाळी धरली.

पुढची टोपी आली. त्यांनी तीही पाहिली, आणि त्याच्या पुढचीही. त्यांची नजर बोटांवर नव्हती. हात जिथे यंत्राला जोडला होता तिथे, खांद्यावर होती. मग ते म्हणाले, "बंद कर ते."

"बाबा, आई आहे ती."

"आहे म्हणूनच सांगतोय. बंद कर."

"तुम्हाला नीट दिसलं नाही. परत बघा, ती थांबते बघा, डोक्यावर—"

"मला नको सांगूस ती का थांबते!" बाबा इतक्या मोठ्यानं बोलले की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "तिचा कामाचा कोट मी दोनदा उसवला, ठाऊक आहे तुला? उजवा खांदा उतरायला लागला होता. कोट एका बाजूनं लोंबायचा. मला म्हणाली, अहो, आतून थोडं भरून द्या, कुणाच्या लक्षात यायला नको."

भिंगला पहिल्यांदा अर्थच लागेना. "कधी?"

"हे मोज्याचं काम चालू होतं तेव्हा. काखेत गाठ होती. हात वर न्यायला गेली की अशी कळ यायची की तोंड पांढरं पडायचं. मग हात वर धरून तशीच थांबायची. कळ जिरली की खाली आणायची. फळीवरून डबा काढताना तेच, केस विंचरताना तेच. मी बघायचो आणि सुईत दोरा ओवत बसायचो."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"माहीत होतं. तिनं शपथ घातली होती. पोरीला कळलं तर ती मला घरी बसवेल, आणि हे काम माझ्या हातून पुरं व्हायला हवं, म्हणाली. मी गप्प बसलो. हे माझं मी बघून घेईन." त्यांनी पुन्हा आत पाहिलं. खांदा आधी खचत होता आणि मग उचलला जात होता, हे आता भिंगलाही दिसत होतं. इतक्या महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं, आणि आता त्याशिवाय दुसरं काहीच दिसेना.

"यंत्राला दुखत नाही, बाबा," ती कसंबसं म्हणाली.

"त्याला नसेल दुखत. पण ती कळ आहे ना तिथे. दर टोपीला येतेय. सकाळ नाही, दुपार नाही, जेवणाची सुट्टी नाही. मेल्यावर तरी माणसाला सोडतात गं." त्यांनी जाळीवरचा हात काढला. "मला घरी जाऊ दे. मला हे बघवत नाही."

ती त्यांना फाटकापर्यंत सोडून आली. परत येताना तिला ती दुपार आठवली. रिकाम्या खांबाशी गुडघे टेकून आपण डोकं पुढे केलं होतं, ये ना म्हणालो होतो, आणि आपल्या डोक्यावर आई कळ जिरेपर्यंत थांबली होती. नळाशी जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि तशीच, ओल्या तोंडानं, इंजिनीअरसमोर जाऊन उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. कानामागची जागा, मोजा काढल्यावरचा तो अंगठा, चाल पुसण्याबद्दल कानावर पडलेलं बोलणं, आपला अंगठा, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे ही चाल कधी पास झालीच नव्हती? तुम्ही पास करत होता?"

"हो, मीच."

"आणि तुमच्या सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टी घेतलीच नाही. ताप होता तेव्हाही आले. मी नसताना एकही टोपी पुढे गेलेली नाही, साहेब, हे तुम्ही तपासून घ्या."

त्यानं चिडून पेन टेबलावर टाकलं. मग म्हणाला, "अहो, पण मला विचारायचं तरी! एवढ्यासाठी कुणी सगळी चाल पुसतं का? तेवढी अंगठ्याची हालचाल टिपून शेवटी जोडता येते. अर्ध्या दिवसाचं काम. वरचे पुसा म्हणोत, त्यांचं मी बघेन. मावशी जशीच्या तशी राहील."

कालपर्यंत कुणी हे सांगितलं असतं तर तिनं त्याचे पाय धरले असते. जाळीपलीकडे हात चालू होता. खांदा खचला, उचलला गेला, हात टाळूवर येऊन थांबला. भिंगनं तो खाली येईपर्यंत श्वास रोखून धरला.

"नको," ती म्हणाली. "सगळी पुसा."

"पुसली की परत येणार नाही, भिंगताई. दुसरी प्रत नाहीये."

"ठाऊक आहे. ही टोपी तेवढी होऊ दे, मग पुसा."

त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. टोपी झाली. हात बाजूला जाऊन उभा राहिला. इंजिनीअरनं दोन-तीन बटणं दाबली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. हात होता तिथेच होता, पण तिथे आता कुणी नव्हतं.

"कुणाची चाल घ्यायची?" त्यानं विचारलं.

"माझी घ्या. मला येतं."

सोमवारी तिनं मोजा चढवला. नवा मोजा होता, पातळ, यंत्राच्या बोटांसारखा तापवलेला, अंगठ्याला शिवण नसलेला. पिंजऱ्याचं दार उघडं, समोर काळं डोकं, त्यावर पांढरं कापड. तिनं हात उचलला. तिचा खांदा धडधाकट होता. हात सरळ टाळूवर गेला आणि तिथून भराभर खाली उतरला. टाळूवर लगेच चुणी पडली. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा चुणी. तिसऱ्यांदाही तेच.

इंजिनीअर पडद्यावर काहीतरी बघत होता. "घाई होतेय," तो म्हणाला. "पूड विरघळायच्या आत कापड सरकतंय. हात टाळूवर नेऊन थोडं थांबावं लागेल. बोटांची ऊब खालपर्यंत जाऊ दे, मग सारा. मावशींच्या चालीत तो थांबा होता, म्हणून बसायचं." तो ते सहज बोलून गेला. त्याला कुठे काय माहीत होतं.

भिंगनं नवं कापड घातलं. हात टाळूवर नेला आणि कापडाच्या केसभर वर थांबवला.

"अजून," इंजिनीअर म्हणाला. "अजून थोडं."

ती थांबून राहिली. हात दुखत नव्हता. कुठेच काही दुखत नव्हतं. नुसतं थांबायचं होतं, आणि तेवढ्यातही किती वेळ जातो हे तिला कळत होतं. एवढा वेळ कळ सोसायची म्हणजे काय! आणि वर तोंडातून आवाज काढायचा नाही, कारण मुलगी टेबलाशी बसली आहे. तिचे डोळे भरले आणि वाहायला लागले. नाकाच्या शेंड्याशी थेंब जमला. कापडावर पडू नये म्हणून तिनं मान बाजूला वळवली. हात मात्र हलवला नाही. तो आत्ता डोळ्यांकडे गेला असता तर मोज्यानं तेही टिपलं असतं, आणि यंत्र दर टोपीला मधेच थांबून डोळे पुसत बसलं असतं.

"आता," इंजिनीअर म्हणाला.

तिनं तळवा टेकला आणि कापड खाली सारत नेलं, कपाळाकडे, मानेकडे, कानांकडे. चुणी पडली नाही. मोजा न काढता तिनं डाव्या कानामागे अंगठा दाबला आणि कापड खाचेत बसेपर्यंत दाबून धरला. इंजिनीअरनं नोंद बंद केल्याचं सांगितलं. तिनं त्याला पुन्हा एकदा विचारून घेतलं, खरंच बंद झाली ना, आणि मगच हात डोळ्यांकडे नेला.